१०३१ एक्स्चेंज करायचंय? मग विकायच्या आधीच शोधायला लागा

१०३१ एक्स्चेंज म्हणजे अमेरिकेत भाड्याची किंवा गुंतवणुकीची प्रॉपर्टी विकून तिच्या बदल्यात दुसरी घ्यायची आणि नफ्यावरचा टॅक्स पुढे ढकलायचा, टॅक्स कायद्याच्या कलम १०३१ वरून हे नाव. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला २०११ मध्ये घेतलेलं टाउनहाऊस, दोन वर्षं स्वतः राहिलात, २०१३ पासून भाड्याने दिलंय, आता भाडेकरू आणि एचओए (म्हणजे सोसायटी) दोघांचाही कंटाळा आलाय. ते विकून टेक्सासमध्ये एक-दोन घरं घ्यायची. सख्खा भाऊ तिथेच ह्युस्टनजवळ केटीला राहतो, त्याचंच भाड्याचं घर घेता येईल का? की सरळ पुण्यात फ्लॅट घेतला तरी चालेल? आणि "१०३१ केलं की टॅक्स शून्य" असं ऑफिसमधला मित्र म्हणतो ते खरं का?

आधी माझ्याबद्दल एक वाक्य. मी सीपीए (टॅक्सचे हिशोब करणारा अकाउंटंट) नाही, वकीलही नाही, रिअल इस्टेटचं लायसन्स घेऊन १७ वर्षं झाली आणि स्वतःच्या प्रॉपर्टीची तीन एक्स्चेंज केलीत, त्यातलं पहिलं चांगलंच महागात पडलंय. त्यामुळे आकडे शेवटी तुमच्या सीपीएकडून तपासून घ्या, पण सीपीए जे सांगत नाही ते मी सांगतो.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. टॅक्स शून्य होत नाही, पुढे ढकलला जातो. जुन्या घराचा बेसिस, म्हणजे नफा मोजताना धरायची मूळ किंमत, नव्या घराला चिकटतो, आणि उद्या नवं घर साधं विकलंत की सगळा हिशोब व्याजाशिवाय पण पूर्णच्या पूर्ण समोर येतो. हां, शेवटपर्यंत ढकलत राहिलात आणि घर मुलांना वारसाने गेलं तर त्यांना त्या दिवसाच्या बाजारभावाचा बेसिस मिळतो आणि मधला नफा टॅक्सच्या दृष्टीने गायब होतो. इथले जुने लॅंडलॉर्ड याला स्वॅप टिल यू ड्रॉप, म्हणजे मरेपर्यंत अदलाबदल करत राहा, म्हणतात. आपल्याकडे असं तोंडावर बोललं तर आई रागावेल, पण गणित तेच आहे.

आता तुमचा टॅक्स किती होतो ते बघू, कारण बहुतेक लोक हा हिशोब न करताच एक्स्चेंजच्या मागे लागतात. तुम्ही सांगितलंय २,७५,००० डॉलरला घेतलं, आता ५,६०,००० येतील, लोन १,५०,००० बाकी. जमिनीचा भाग ५५,००० धरला तर बिल्डिंग २,२०,००० ची, ती टॅक्सच्या हिशोबात साडेसत्तावीस वर्षांत डेप्रिशिएट होते (घसारा धरतात) म्हणजे वर्षाला ८,०००, बारा वर्षांचे ९६,०००. म्हणजे तुमचा बेसिस उरला १,७९,०००. विक्रीचा खर्च, कमिशन, वकील वगैरे ३४,००० धरा, हातात ५,२६,०००. नफा ३,४७,०००. यातल्या ९६,००० वर, म्हणजे डेप्रिसिएशनच्या भागावर, जास्तीत जास्त २५ टक्के, झाले २४,०००. उरलेल्या २,५१,००० वर १५ टक्के धरले तर ३७,६५०. दोघांचे पगार मिळून अडीच लाखांच्या वर असतील तर जास्त उत्पन्नवाल्यांना गुंतवणुकीच्या कमाईवर लागणारा वरचा ३.८ टक्के टॅक्स सगळ्या नफ्यावर, म्हणजे १३,००० आणि थोडे. फेडरलचेच ७५,००० च्या आसपास झाले, वर न्यू जर्सीचा स्टेट टॅक्स वेगळा.

"आम्ही डेप्रिसिएशन कधी घेतलंच नाही, मग ते कसं धरणार?" हे मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. घेतलं नसेल तरी आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) घेतलं असं समजूनच हिशोब करते. म्हणजे फायदा सोडलात आणि टॅक्स मात्र भरणार. असं झालं असेल तर विकायच्या आधी सीपीएला ३११५ फॉर्मबद्दल विचारा, मागचं दुरुस्त करता येतं.

आणखी एक गोष्ट आधी बघा, टॅक्स रिटर्नमधला ८५८२ फॉर्म. आपल्यासारखी दोन पगारांची घरं, उत्पन्न दीड लाखांच्या वर, त्यामुळे भाड्याच्या घराचा पेपरवरचा तोटा दरवर्षी वापरता येत नाही, तो साठत जातो. कोणाकडे ४०,००० साठलेत, कोणाकडे ८०,०००. प्रॉपर्टी पूर्ण टॅक्स भरून विकली की हा साठलेला तोटा त्या वर्षी मोकळा होतो आणि टॅक्स बराच खाली येतो. एक्स्चेंज केलं तर तो तसाच अडकून राहतो. एका मित्राचा हिशोब करून बघितला तर त्याचा खरा टॅक्स ७०,००० नव्हे तर ३८,००० निघाला. त्याने सरळ विकलं, टॅक्स भरला आणि शांत झोपला, आणि माझ्या मते त्याने बरोबर केलं. माझं कमिशन बुडालं ते सोडा.

तुम्ही २०१६ च्या आत विकलं असतं तर आणखी वेगळी गोष्ट होती, शेवटच्या पाचपैकी दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर असेल तर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ असतो, फक्त डेप्रिसिएशनचा भाग सोडून. ती गाडी गेली. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं घर नुकतंच भाड्याने गेलं असेल तर त्याने राहणं सोडल्यापासूनच्या तीन वर्षांचा हिशोब आजच मांडावा.

बरं, धरून चालू की एक्स्चेंज करायचंच आहे. नियम कागदावर सोपे आहेत. विक्रीचं क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर हस्तांतरित होणं, झालं की दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, ४५ दिवसांत काय घेणार ते लेखी सांगायचं आणि १८० दिवसांत घेऊन मोकळं व्हायचं. दिवस म्हणजे कॅलेंडरचे, शनिवार, रविवार, ख्रिसमस सगळे धरून, आणि सरकारने जाहीर केलेली मोठी आपत्ती वगैरे सोडली तर एक दिवससुद्धा वाढत नाही. हे दिवस आले कुठून तर तीही मजा आहे. कायदा १९२१ पासूनचा, पण ओरेगॉनच्या स्टार्कर नावाच्या कुटुंबाने जंगलाची जमीन एका कागद बनवणाऱ्या कंपनीला दिली आणि बदल्यात "पाच वर्षांत तुम्हाला दुसऱ्या जमिनी घेऊन देऊ" असा वायदा घेतला. १९७९ मध्ये कोर्टाने तेही चालतं म्हटलं. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९८४ मध्ये हे ४५ आणि १८० चं घड्याळ लावलं. म्हणजे आपली धावपळ होते ती त्या जंगलवाल्यांमुळे.

या घड्याळाची मला काय किंमत पडली ते सांगतो. २०१५ मध्ये माझा एक कॉन्डो विकला, क्लोजिंग १३ ऑक्टोबरला. मी विचार केला, पैसे एकदा सुरक्षित जागी जाऊ देत, मग निवांत शोधू, ४५ दिवस म्हणजे दीड महिना. त्यात नवरात्र सुरू, मग दिवाळी, मंडळाचा कार्यक्रम, मी नाटकात होतो, पहिले तीन आठवडे एकही घर बघितलं नाही. नंतर धावाधाव. ४५ वा दिवस आला २७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार, ज्या दिवशी कुठलंच ऑफिस धड उघडं नसतं. सासुरवाडीच्या लोकांनी घर भरलेलं, आणि मी वरच्या खोलीत बसून तीन पत्ते टाइप करतोय, त्यातली दोन घरं मी फक्त फोटोत बघितलेली. पहिल्या घराचा मालक फिरला. दुसरं दुसऱ्याने जास्त पैसे देऊन नेलं. उरलं तिसरं, पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला तीन युनिटचं शंभरी गाठलेलं विटांचं घर. ४५ दिवसांनंतर यादी बदलता येत नाही, म्हणजे घेतलं तर हेच, नाही तर टॅक्स भरा. विकणाऱ्याच्या एजंटला माझं एक्स्चेंज माहीत होतं, त्यामुळे भाव कमी करायचं नावच नाही. १७१ व्या दिवशी क्लोजिंग झालं, तारीख बघा, १ एप्रिल.

जून महिन्यात तळघरात घाण पाणी आलं. प्लंबरने लाइनमध्ये कॅमेरा सोडला, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून त्या छोट्या स्क्रीनवर बघतोय, मातीच्या जुन्या पाइपला फटी आणि फटीतून आत आलेली मेपलच्या मुळांची जाळी, अगदी वडाच्या पारंब्यांसारखी. रस्त्यापर्यंत खणून पाइप बदलायला ११,००० डॉलर लागले. हीच कॅमेऱ्याची तपासणी घेण्याआधी केली असती तर अडीचशे-तीनशे डॉलरचं काम होतं. इन्स्पेक्शन केलं होतं, पण घाईत साधं, गटाराची लाइन त्यात नव्हती. टॅक्स वाचवला साधारण ३०,००० चा, आणि पहिल्या दोन वर्षांत पाइप, छत आणि रिकामं युनिट मिळून त्याहून जास्त घातले.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे की शोध आधी, विक्री नंतर. तुमचं टाउनहाऊस एडिसनचं आहे, ट्रेन जवळ, ते लिस्ट केल्यावर विकलं जाईलच, ती काळजी नाही. टेक्सासला मात्र आत्ताच जाऊन या, एजंट नक्की करा, बँकेकडून लोनचं प्रीअप्रूव्हल घ्या, कुठला सबडिव्हिजन, कुठली शाळा, कुठलं भाडं हे ठरवा, वीसेक घरं डोळ्यांखालून घाला, आणि मग इथे विक्रीची पाटी लावा. आदर्श म्हणजे इथलं क्लोजिंग व्हायच्या आधीच तिथलं कॉन्ट्रॅक्ट झालेलं असावं, फक्त तिथलं क्लोजिंग इथल्यानंतर ठेवायचं. न्यू जर्सीत कॉन्ट्रॅक्ट सही झालं की वकिलांच्या रिव्ह्यूसाठी तीन वर्किंग दिवस मिळतात. त्या वेळात वकिलाला सांगून दोन ओळी घालून घ्या, एक म्हणजे हे विकणाऱ्याचं एक्स्चेंज आहे आणि घेणारा सह्यांना सहकार्य करेल, आणि दुसरी म्हणजे गरज पडली तर क्लोजिंग तीस दिवस पुढे नेण्याचा हक्क तुमचा. दुसरी ओळ सगळे घेणारे मान्य करत नाहीत, पण मागायला काय जातं. ते तीस दिवस म्हणजे घड्याळ सुरू व्हायच्या आधीचे फुकटचे दिवस.

पैसे कोणाकडे जातात हा मुद्दा नीट वाचा. विक्रीचा चेक तुमच्या हातात किंवा खात्यात एक तासासाठी जरी आला तरी एक्स्चेंज संपलं. मध्ये पैसे सांभाळणारा त्रयस्थ, म्हणजे क्वालिफाइड इंटरमीडिअरी लागतो, सगळे क्यूआय म्हणतात, आणि त्याच्याशी करार विक्रीच्या क्लोजिंगच्या आधी व्हायला हवा, नंतर नाही. तुमचा सीपीए, वकील, एजंट ज्याने मागच्या दोन वर्षांत तुमचं काम केलंय तो क्यूआय होऊ शकत नाही. फी साध्या डीलला हजार डॉलरच्या आसपास असते, त्यात शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका, कारण क्यूआयवर फेडरल सरकारचं लायसन्सिंग वगैरे काही नाहीये, मोजक्याच राज्यांचे नियम आहेत. २००८ मध्ये लॅंडअमेरिका या मोठ्या टायटल कंपनीची एक्स्चेंज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोकांचे एक्स्चेंजचे पैसे अडकले. पैसे अडकले आणि वर मुदतीही उलटल्या. तेव्हा क्यूआयला तोंडावर विचारा: माझे पैसे माझ्या नावाच्या वेगळ्या खात्यात राहणार का, की सगळ्यांचे एकत्र? पैसे हलवायला माझी सही लागणार का? फिडेलिटी बॉण्ड (तुमच्या माणसांनी अफरातफर केली तर भरपाईची हमी) किती रकमेचा? एका बँकेत अडीच लाखांपर्यंतच विमा असतो, तुमचे त्याहून जास्त आहेत, मग काय करणार? उत्तर देताना चुळबुळ केली तर पुढचा शोधा. आणि वायरचा नंबर ईमेलमध्ये आला तर आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करा, ईमेलमध्ये लिहिलेल्या नंबरवर नाही.

४५ दिवसांच्या यादीत किती नावं द्यायची? सोपा नियम, तीन प्रॉपर्टी, कितीही किमतीच्या. तीनपेक्षा जास्त द्यायच्या असतील तर सगळ्यांची एकत्र किंमत विकलेल्या घराच्या दुपटीच्या आत. तुम्हाला दोन घरं घ्यायचीत, म्हणजे तीनच्या यादीत एकच जागा बॅकअपला उरते, तुमच्यासाठी दुपटीचा नियम बरा पडेल, पावणेतीन लाखांची चार घरं सहज बसतात. पूर्ण पत्ता लिहायचा, "केटीमध्ये एक घर" असं चालत नाही, आणि सही करून क्यूआयकडे त्या दिवशी रात्री बाराच्या आत पोचलं पाहिजे. मागची तारीख टाकून द्यायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा, लोक यात फ्रॉडमध्ये गेलेत.

किती रकमेचं घ्यायचं? तुमच्या आकड्यात विक्रीखर्च वजा जाता ५,२६,०००, त्यातून लोन फिटलं की क्यूआयकडे ३,७६,०००. पूर्ण टॅक्स ढकलायचा तर नवी घरं मिळून निदान ५,२६,००० ची हवीत, ते ३,७६,००० सगळे त्यात गेले पाहिजेत, आणि फिटलेल्या दीड लाखाच्या लोनच्या जागी तेवढं नवं लोन किंवा खिशातून रोख. लोन घेतलंच पाहिजे असं नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. ४,५०,००० चंच घेतलंत तर राहिलेल्या ७६,००० ला इथे बूट म्हणतात, तेवढ्यावर टॅक्स लागतो आणि साधारणपणे आधी डेप्रिसिएशनच्या भागाचा म्हणजे महाग दराचा. पण त्यामुळे सगळं एक्स्चेंज बाद होत नाही. वीस-तीस हजारांसाठी वाईट घर घेण्यापेक्षा थोडा बूट घ्या, थोडा टॅक्स भरा, माझी त्याला काही हरकत नाही. एक बारीक गोष्ट, भाडेकरूचं डिपॉझिट क्लोजिंगच्या कागदावर वजावट म्हणून टाकू नका, वेगळा चेक देऊन टाका, नाहीतर तोही बूटमध्ये धरला जाऊ शकतो.

कशाच्या बदल्यात काय चालतं? अमेरिकेतली कुठलीही गुंतवणुकीची किंवा धंद्याची स्थावर मालमत्ता, टाउनहाऊस देऊन डुप्लेक्स घ्या, दुकानाचा गाळा घ्या, शेतजमीन घ्या. आरईआयटीचे, म्हणजे प्रॉपर्टीत पैसे गुंतवणाऱ्या कंपन्यांचे शेअर चालत नाहीत. दुरुस्त करून लगेच विकायला घेतलेलं घर चालत नाही. ४०व्या दिवशी हातात काही नसलं की कोणीतरी डीएसटी विकायला येतं, म्हणजे मोठ्या बिल्डिंगमधला ट्रस्टचा छोटा हिस्सा. २००४ पासून आयआरएसला मान्य आहे, भाडेकरूची कटकट नाही, पण कमिशन भरपूर, मधेच बाहेर पडता येत नाही आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात. सत्तरीच्या काकांना मी सुचवीन, तुम्हाला नाही. आधी घेऊन नंतर विकायचा उलटा प्रकारही आहे, पण खर्च अनेक पट आणि पैसे आधी उभे करावे लागतात.

भावाचं घर. सोडून द्या. सख्खा भाऊ रिलेटेड पार्टी होतो, तुमच्या एक्स्चेंजचे पैसे त्याच्या खिशात रोख गेले की आयआरएस ते एक्स्चेंज मानत नाही, फार थोडे अपवाद आहेत आणि ते तुमच्यासाठी नाहीत. शिवाय भावाकडून घेतलेल्या घराचा एसी पहिल्या उन्हाळ्यात बंद पडला तर फोन कोणाला करणार? भाऊबंदकी इथे टेक्सासलाही चालू करायची गरज नाही. भावाचा खरा उपयोग वेगळा आहे, त्याला शनिवारी घरं बघायला पाठवा, पाऊस पडून गेल्यावर.

नावाचं बघा. जुनं विकणारा आणि नवं घेणारा टॅक्सपेयर एकच हवा. टाउनहाऊस फक्त नवऱ्याच्या नावावर आहे आणि नवं दोघांच्या नावावर घ्यायचंय असं तुम्ही लिहिलंय, तर घाई नको, आधी त्याच नावावर घ्या आणि बायकोचं नाव कधी, कसं घालायचं ते सीपीएला विचारून करा. एकट्याच्या मालकीची साधी एलएलसी (कंपनी) चालते, पार्टनर असलेली एलएलसी वेगळी.

आता टेक्सास, कारण तिथे गेल्यावर न्यू जर्सीकर हमखास फसतात. स्टेट इन्कम टॅक्स नाही हे ऐकून सगळे खूश, पण प्रॉपर्टी टॅक्स साधारण दोन टक्के किंवा वर, आणि नव्या वसाहतीत एमयूडी (पाणी-गटाराच्या सोयींसाठी वेगळा कर घेणारी संस्था) असेल तर तीनच्या जवळसुद्धा जातो. लिस्टिंगवर दिसतो तो आकडा विकणाऱ्याचा, तो त्या घरात राहतो म्हणून त्याला होमस्टेड सूट आणि वाढीवर दहा टक्क्यांची मर्यादा, तुम्ही भाड्याने देणार म्हणजे दोन्ही गेले. काउंटीच्या साइटवर जाऊन सूट न धरता टॅक्स स्वतः काढा.

एक हिशोब मांडतो. ३ लाखांचं घर, भाडं समजा २,१००. महिन्याला टॅक्स ५५०, इन्शुरन्स २५०, मॅनेजमेंट आठ टक्के म्हणजे १६८, रिकामं राहणं आणि दुरुस्ती मिळून २१०, एचओए ५०. उरले ८७२. त्यावर ७५,००० चंच लोन ७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ५००, हातात पावणेचारशे. तेच घर वीस टक्के डाउन देऊन, २,४०,००० च्या लोनवर घेतलंत तर हप्ता १,६००, म्हणजे दर महिन्याला सव्वासातशे खिशातून. "तीन लाख शहात्तर हजारांत चार घरं येतात" असं कोणी एजंट सांगेल, येतात, पण पोसायची कोणी?

इन्शुरन्सची पॉलिसी वाचताना वारा आणि गारा यांचा डिडक्टिबल बघा, तो हजार डॉलर असा नसतो, टक्क्यांत असतो, तीन लाखांच्या कव्हरवर २ टक्के म्हणजे पहिले ६,००० तुमचे. डॅलसच्या बाजूला गारपीट नेहमीची. छत किती जुनं, आणि पॉलिसी नव्या छताचे पैसे देते की घसारा कापून, हे दोन प्रश्न ऑफर देण्याआधी विचारा.

आणि फाउंडेशन. डॅलस पट्ट्यात, ह्युस्टनकडेही बऱ्याच ठिकाणी, खाली चिकण माती आहे, डॅलसकडची तर काळीच, सोलापूर-विदर्भाकडच्या लोकांना सांगायला नको, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर काँक्रीटचा स्लॅब. तिथले लोक उन्हाळ्यात घराच्या कडेने पाण्याचा पाइप टाकून जमीन ओली ठेवतात, मला पहिल्यांदा वाटलं बाग लावलीय. दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, न लागणारं दार, बाहेरच्या विटांत पायऱ्यांसारखी फट, असं काही दिसलं तर साध्या इन्स्पेक्टरवर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. टेक्सासच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑप्शन पीरियड असतो, थोडी फी भरून तेवढ्या दिवसांत कुठलंही कारण न देता बाहेर पडता येतं, सात ते दहा दिवस मागा आणि पहिल्याच दिवशी इन्स्पेक्शन बुक करा. गटाराच्या लाइनमध्ये कॅमेरा घालायचा हे मी आता वेगळं सांगत नाही. बिल्डरचं नवं घर घेणार असाल तर ते १८० दिवसांत पूर्ण होऊन तुमच्या नावावर झालं पाहिजे, अर्धवट राहिलेलं काम धरत नाहीत.

"पाच वर्षांनी आम्हीच तिकडे राहायला जाऊ" असंही लिहिलंय. जा, पण लगेच नाही. निदान दोन वर्षं खरंखुरं, बाजारभावाने भाड्याने द्या, मध्ये स्वतः वर्षाला चौदा दिवसांपेक्षा जास्त राहू नका, आणि राहायला गेल्यावर नफ्याची सूट हवी असेल तर घेतल्यापासून पाच वर्षं व्हायच्या आत विकू नका.

राज्याराज्यांचे नियमही वेगळे, पेनसिल्व्हेनियाने तर वैयक्तिक टॅक्ससाठी १०३१ मान्य केलं ते २०२३ पासून, आणि कॅलिफोर्नियातलं घर देऊन बाहेर घेतलंत तर तिथला टॅक्स विभाग दरवर्षी एक फॉर्म भरून घेतो आणि विकाल त्या दिवसाची वाट बघतो.

पुण्याचा फ्लॅट एक्स्चेंजमध्ये चालत नाही. अमेरिकेतली प्रॉपर्टी आणि अमेरिकेबाहेरची प्रॉपर्टी एकमेकींच्या जोडीला बसत नाहीत, कायद्यात स्पष्ट आहे. इथलं विकून, टॅक्स भरून, उरलेले पैसे पुण्याला न्यायला कोणाची ना नाही. उलट बाजूलाही खड्डा आहे. आईवडिलांनी दिलेला कोथरूडचा फ्लॅट विकून बावधनला दुसरा घेतला, भारतात घराच्या बदल्यात घर घेतल्याच्या सवलतीमुळे टॅक्स वाचला, म्हणून मंडळी खूश होतात. पण तुम्ही अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट, अमेरिकेला ती सवलत माहीत नाही, इथे पूर्ण नफा दाखवायचा आणि भारतात काही भरलंच नाही म्हणून क्रेडिटही नाही. भारतात साडेबारा टक्के भरले असते तर त्याचं क्रेडिट इथे मिळालं असतं. आणि कायमचं परत जायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, कारण भारतात पूर्ण रेसिडेंट झाल्यावर जगभरचं उत्पन्न तिथे टॅक्सला येतं आणि भारत १०३१ मानत नाही. तीन-चार वर्षांत परतणार असाल तर मी एक्स्चेंज करणार नाही, इथेच विकून मोकळा होईन.

शेवटचं तारखांचं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर क्लोजिंग केलंत तर १८० दिवस पूर्ण व्हायच्या आधीच १५ एप्रिल येतो, आणि रिटर्नची मुदत वाढवून घेतली नसेल तर एक्स्चेंजची मुदतही तिथेच संपते. एक्स्टेन्शनचा ४८६८ फॉर्म भरून ठेवा, रिटर्न नवीन घर झाल्यावरच, त्यात एक्स्चेंजचा ८८२४ फॉर्म जोडायचा. आणि विक्रीची तारीख ठरवताना कॅलेंडर उघडून ४५ वा दिवस कधी येतो ते मोजा. त्या आठवड्यात गणपती, दिवाळी किंवा मंडळाचं नाटक असेल तर क्लोजिंग पंधरा दिवस पुढे मागून घ्या.